ऑसिलेशन्स, वेव्ह्ज, ऑप्टिक्स: फेजच्या या चुका टाळा

या कोर्समध्ये उत्तर चुकलं की बरेच जण फॉर्म्युला परत परत तपासत बसतात, पण फॉर्म्युला बहुतेक वेळा बरोबरच असतो, घोळ असतो फेजचा, म्हणजे वस्तू किंवा लाट आपल्या फेरीत नेमकी कुठे आहे ते सांगणाऱ्या कोनाचा. त्यामुळे शोधायला सुरुवात तिथूनच करा.

सगळ्यात आधी कॅल्क्युलेटरचा मोड बघा. ओमेगा (अँग्युलर फ्रिक्वेन्सी, म्हणजे फेज किती वेगाने बदलतो ते) रेडियन पर सेकंदात असतो, म्हणजे ओमेगा गुणिले वेळ हे रेडियनमध्येच आलं. ओमेगा २ आणि वेळ १.५ सेकंद धरा, कॉस ३ रेडियन येतो -०.९९, आणि डिग्री मोडवर तोच येतो जवळजवळ +१, म्हणजे वस्तू थेट दुसऱ्या टोकाला!

आता सुरुवातीचा फेज, म्हणजे जागा = ॲम्प्लिट्यूड (मधल्या जागेपासूनचं जास्तीत जास्त अंतर) गुणिले कॉस (ओमेगा टी + फाय) यातला फाय, इथे मात्र जरा थांबा कारण सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. समजा सुरुवातीला वस्तू -३ सेंमीवर आहे, वेग +८ सेंमी पर सेकंद, ओमेगा २. ॲम्प्लिट्यूड ५ सेंमी निघतो, तो सहसा कुणी चुकत नाही. मग टॅन फाय काढून इन्व्हर्स टॅन दाबलं की ०.९३ रेडियन मिळतं आणि लोक तेच लिहून मोकळे होतात, पण ते कॉसमध्ये घालून बघा, वस्तू +३ वर येते. इन्व्हर्स टॅन दोनच क्वाड्रंट दाखवतो हो, त्यामुळे कॉस आणि साइन दोघांची चिन्हं वेगवेगळी तपासायची. इथे दोन्ही निगेटिव्ह आहेत, म्हणून पाय मिळवायचा, उत्तर ४.०७ रेडियन. टी शून्य टाकून जागा आणि वेग दोन्ही परत काढून बघायला अर्धा मिनिट लागतं, ते प्रत्येक वेळी कराच.

दोरीवरच्या लाटेत दोरीच्या कणाचा वेग आणि लाटेचा वेग एकच समजू नका. लाटेचा वेग ताण आणि दोरीच्या दर मीटरच्या वस्तुमानावर ठरतो, कणाचा वेग क्षणाक्षणाला बदलतो.

पातळ फिल्मच्या गणितात मुलं "२ एनटी बरोबर एम लॅम्डा म्हणजे ब्राइट" (एन फिल्मचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, टी जाडी, एम पूर्ण संख्या, लॅम्डा प्रकाशाची वेव्हलेंग्थ) असं पाठ करतात, आणि मग फसतात. कमी इंडेक्सकडून जास्त इंडेक्सवर आदळून परतलेल्या लाटेचा फेज पायने उलटतो, उलट दिशेला तसं होत नाही. हवेतल्या साबणाच्या फिल्मला एकाच बाजूला हा उलटा होतो, म्हणून ती अगदी पातळ झाली की काळी दिसते. पण काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचं कोटिंग असेल तर दोन्ही बाजूंना होतो, अटी अदलाबदल होतात, म्हणून साधारण १०० नॅनोमीटरचा थर हिरव्या प्रकाशाचं रिफ्लेक्शन कमी करतो. गणित सुरू करण्याआधी तिन्ही माध्यमांचे इंडेक्स ओळीने लिहून काढा, मग पाठांतराची गरजच राहत नाही.

डबल स्लिटमध्ये (डी म्हणजे दोन फटींमधलं अंतर, थीटा म्हणजे मधल्या रेषेपासूनचा कोन) डी साइन थीटा बरोबर एम लॅम्डा म्हणजे ब्राइट, सिंगल स्लिटमध्ये तसंच दिसणारं समीकरण (डीच्या जागी फटीची रुंदी) डार्कचं असतं आणि तिथे एम शून्य चालत नाही, कारण मधोमध तर सगळ्यात जास्त उजेड असतो.

आणि ग्रेटिंगला (खूप जवळजवळ रेषा असलेली पट्टी) साइन थीटा म्हणजेच थीटा असं चुकूनही धरू नका. दर मिलिमीटरला ६०० रेषा आणि सोडियमचा ५८९ नॅनोमीटर प्रकाश घेतला तर दुसऱ्या ऑर्डरचा (एम २) कोन ४५ डिग्री येतो, छोट्या कोनाचा शॉर्टकट ४०.५ दाखवतो, आणि स्पेक्ट्रोमीटर तिथे फिरवलात तर रेषा दिसणारच नाही.