बर्फात सायकल चालवताय? मग या चुका टाळा

शाळेपासून पुण्यात सायकल चालवलेली, त्यामुळे फिनलंडला ओउलूमध्ये आलो तेव्हा वाटलं, थंडीचं काय ते बघू, सायकल तर येतेच की. पहिल्या हिवाळ्यात तीनदा आपटलो, आणि गंमत म्हणजे तिन्ही वेळा पारा शून्याच्या आसपास होता, उणे 15 ला एकदाही पडलो नाही.

म्हणजे पहिली चूक हीच, की जेवढी थंडी जास्त तेवढं घसरडं असं समजणं. कडक थंडीत दाबून बसलेला बर्फ कोरडा असतो, टायरखाली करकर वाजतो आणि बऱ्यापैकी पकड देतो. घात होतो तो दुपारी वितळून रात्री परत गोठतं तेव्हा, किंवा बर्फावर पाऊस पडतो तेव्हा, कारण मग वर पाणी आणि खाली नुसती काच. पुलावर तर आधी गोठतं, खालूनही वारा लागतो ना. त्यामुळे सकाळी निघताना मी आजचं तापमान नंतर बघतो, आधी काल दुपारी किती होतं ते बघतो.

टायर. इथे काटकसर करू नका, टंग्स्टन कार्बाइडचे बारीक खिळे असलेले टायर मिळतात तेच घ्या. नुसते जाड नक्षीचे टायर भुसभुशीत बर्फात चालतात, काचेसारख्या बर्फावर त्यांचा काही उपयोग नाही. एकच परवडत असेल तर पुढे लावा, कारण मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की तुम्ही खालीच. आणि नवे टायर लावून लगेच कचाकच ब्रेक मारू नका, पहिले 40 किमी डांबरावर शांतपणे चालवा म्हणजे खिळे नीट बसतात. हवा टच्च भरायची सवय पण सोडा (मला हे सगळ्यात जड गेलं), टायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या जवळपास ठेवा.

आता ब्रेक. सायकल घसरली की हात आपोआप पुढचा ब्रेक दाबतो, आणि नेमका तोच नको. आधीच स्पीड कमी करायचा, मागचा ब्रेक हलका, वळताना पॅडल नाही, ब्रेक नाही, सायकल आडवी करायची नाही. सीट जरा खाली घेतलीत तर पाय पटकन टेकतो.

पॅडल मारताय आणि चाक फिरतच नाही? फ्रीव्हीलमधलं (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीतलं) ग्रीस थंडीत घट्ट होऊन आतले कुत्रे, म्हणजे पॅडलचा जोर चाकाला देणारे छोटे खटके, चिकटलेत. सायकल उबेत आणली की सुटतं, पण मग पूर्ण वाळू द्या, अर्धवट ओली परत बाहेर काढलीत तर ब्रेकची केबलच गोठते. मी हे केलंय, ऑफिसपर्यंत चालत गेलो. कुलूप गोठलं तर गरम पाणी ओतू नका, तेच पाणी पुन्हा गोठतं, कुलपाचा स्प्रे मिळतो तो घरी ठेवा, सायकलच्या बॅगेत नको, कारण सायकल कुलूपबंद शेडमध्ये असेल तर ती बॅगही आतच अडकते.

कपडे? निघताना पहिली 5 मिनिटं थंडी वाजायलाच हवी, नाहीतर घामाने भिजाल. लाइट मात्र दोन्ही हवेत, पुढे पांढरा, मागे लाल, डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो.