काट्यावर वजन दिसतंय, बिलात शून्य? सिरीयल पोर्टच्या या चुका टाळा

काट्यावर वजन नीट दिसतं, पण बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्यच राहतं. अशा वेळी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकत बसू नका. आधी दोष संगणकाकडे आहे की काट्याकडे, एवढं ठरवा. ते पाच मिनिटांत होतं.

काट्याची केबल काढा. संगणकाच्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टमधल्या (ही केबल जिथे लागते तो) 2 आणि 3 नंबरच्या पिना छोट्या वायरने एकमेकींना जोडा. पुटी किंवा टेरा टर्म या सिरीयल पोर्टशी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये तो पोर्ट (विंडोजमध्ये त्याला कॉम पोर्ट म्हणतात) उघडा, फ्लो कंट्रोल (थांब-पाठव असे इशारे) आणि लोकल एको (टाइप केलेलं प्रोग्रामनेच दाखवणं) बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. अक्षरं उमटली आणि वायर काढताच थांबली, तर पोर्ट आणि ड्रायव्हर ठीक आहेत. सिरीयल पोर्ट नसलेल्या संगणकाला लावायच्या यूएसबी कन्व्हर्टरलाही हीच चाचणी चालते.

अक्षरं उमटली नाहीत तर विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर बघा. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की कॉम नंबर बऱ्याचदा बदलतो. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामने धरून ठेवलाय. उबुंटूवर तुमचं नाव 'डायलआउट' ग्रुपमध्ये हवं.

चाचणी पास, तरी काट्याकडून काहीच येत नाही? मग केबल तपासा. संगणकाची 2 नंबरची पिन ऐकते, 3 नंबरची बोलते, 5 नंबरची ग्राउंड. सरळ आणि क्रॉस (2 आणि 3 च्या तारा अदलाबदल केलेली) केबल बाहेरून सारख्याच दिसतात, त्यामुळे मल्टिमीटर लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सगळ्यात जास्त फसवतं ते अर्धवट बरोबर येणारं वजन. नुसता कचरा येत असेल तर बहुधा बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) चुकलाय. पण 0, 3, 5, 6, 9 नीट येतात आणि 1, 2, 4, 7, 8 च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, तेव्हा बॉड रेटला हात लावू नका. काटा 7 बिट आणि ईव्हन पॅरिटीने (1 ची संख्या सम करायला जोडलेला तपासणीचा बिट) पाठवतोय, संगणक 8 बिट, पॅरिटी नाही असं वाचतोय. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दोन्हीकडे अक्षरामागे 10 बिटच जातात, म्हणून एररही दिसत नाही. पॅरिटीचा बिट आठवा बिट समजला जातो आणि ज्या अंकांच्या कोडमध्ये (0 आणि 1 च्या रांगेत) 1 विषम वेळा येतो, तेवढेच बिघडतात. काट्याच्या मॅन्युअलमधली सेटिंग जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये भरा.

आणि आर्डुइनोसाठी (छोटा सर्किट बोर्ड) आणलेला टीटीएल, म्हणजे कमी व्होल्टचा, कन्व्हर्टर काट्याच्या आरएस-232 पोर्टला (याच सिरीयल पोर्टला) कधीच लावू नका. त्याला 3.3 किंवा 5 व्होल्टची सवय, इथे उणे-अधिक 15 व्होल्टपर्यंत येऊ शकतात, चिप जळेल. मध्ये मॅक्स232 सारखं लेव्हल बदलणारं सर्किट हवंच.