गटसचिवांना संगणक शिकवायला जाताय?

प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून 2022 मध्ये मंजुरी दिली. तेव्हा ठरलं होतं: 63,000 संस्था, 2,516 कोटींचा खर्च, अंमलबजावणी नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेकडे. या संस्था म्हणजे आपल्या गावच्या सेवा सोसायट्या, आणि त्यांचा हिशेब ठेवणारा सचिव म्हणजे गटसचिव. यवतमाळकडच्या सोसायट्यांत मी हे शिकवायला फिरलो. आता नवी मुलं विचारतात, म्हणून लिहितो.

मार्चमध्ये अजिबात जाऊ नका, तेव्हा वसुली असते. मे-जूनमध्ये खरिपाचं कर्जवाटप. पोळ्याच्या आसपास गेलात तर माणूस निवांत भेटतो.

'अबक शेतकरी, कर्ज दहा हजार' असली खोटी उदाहरणं घेऊ नका. त्यांचीच खतावणी, म्हणजे सभासदांच्या खात्यांची वही, उघडा. तिथे नाव असतं विठ्ठलराव, आधारवर नुसतं विठ्ठल आणि सातबारा अजून वडिलांच्या नावावर. सॉफ्टवेअरला ही तीन माणसं वाटतात. गटसचिवाला मात्र त्याचं शेत कोणत्या नाल्याला लागून आहे इथपर्यंत ठाऊक असतं. पहिले काही दिवस नावं जुळवण्याचंच काम द्या. त्यात ते तुम्हाला शिकवतात, आणि बोलता बोलता कीबोर्डवर हात बसतो.

वयाचा मुद्दा उगाच मोठा केला जातो. अडचण भीतीची असते. "एंटर मारला अन् चुकलं तं? पैसे माह्याच अंगावर येतीन!" ही शंका खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, खाडाखोड चालत नाही, चुकीची नोंद रद्द करणारी उलट नोंद करूनच दुरुस्ती होते. इथेही तसंच, हे सांगा. नुसतं सांगून भागत नाही. सरावाच्या लॉगिनमध्ये मुद्दाम पाच हजारांच्या जागी पन्नास हजार टाकायला लावा आणि उलट नोंद त्यांच्याच हातून करून घ्या. कितीही वेळ लागो, माउसला तुम्ही हात लावू नका.

कागदी वही सुटत नाही म्हणून चिडू नका. संध्याकाळची रोख शिल्लक दोन्हीकडे जुळवा, महिनाअखेर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, जुळवा. पण दुहेरी लिखाणाची शेवटची तारीख आधीच ठरवा, नाहीतर वहीच चालू राहते आणि संगणकावर कापड पडतं. लाईन जाणारच, नेट जाणारच. त्या वेळी व्हाउचर नीट लावून ठेवायचे, एवढंच.

तुम्ही निघून गेल्यावर फोन कोणाला करायचा? तालुक्यातला एखादा गटसचिवच तयार करा. साहेबाला विचारायला लाज वाटते, आपल्यातल्या भाऊला रात्री नऊलाही विचारता येतं. फक्त त्याच्या प्रवासभत्त्याचं वरच्या साहेबांकडून आधी लेखी घ्या. नंतर कोणी देत नाही.