ल्युपसचे रिपोर्ट कसे वाचायचे: सीआरपी नॉर्मल असला तरी

सांधे धरलेत, केस गळतायत, अंगात कणकण आहे आणि सीआरपी (सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन) मात्र नॉर्मल. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, असा रिपोर्ट वरचेवर येतो, आणि मग घरचे म्हणतात, "तुला काही झालेलं नाही." तेवढ्यावरून आजार शांत आहे असं धरू नका.

सीआरपी यकृतात तयार होतं, मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. ल्युपसमध्ये मात्र जोर असतो टाइप-१ इंटरफेरॉनचा. एरवी विषाणू शिरला की हे प्रथिन सुटतं. इथे ते आपल्याच मेलेल्या पेशींतल्या डीएनए-आरएनएमुळे सुटत राहतं. शिवाय यकृतातली सीआरपीची निर्मितीही तेच दाबतं. म्हणून आजार उसळला की ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, सूज बघायची दुसरी तपासणी) चढतो, सीआरपी फारसा हलत नाही. तो ५०-६० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेला तर आधी संसर्ग शोधायचा. छातीत पाणी झालं किंवा सांधे खूप सुजले, तर ल्युपसमुळेही तो वाढतो.

मग बघायचं काय? सी३ आणि सी४ (प्रतिकारशक्तीची प्रथिनं, आजार उसळला की खर्ची पडतात), अँटी-डीएसडीएनए (आपल्याच डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि लघवी. सी३ साधारण ९० ते १८० आणि सी४ १० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, पण आपल्या लॅबची रेंज पाहा. काहींचं सी४ बरं असतानाही कमीच असतं, त्यामुळे तुलना स्वतःच्या जुन्या आकड्यांशी करा. सी३-सी४ घसरतंय आणि अँटी-डीएसडीएनए चढतंय, ही जोडी दिसली की लघवीचा रिपोर्ट लांबवू नका. लघवीतून किती प्रोटीन जातंय ते सांगणारा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.५ च्या वर टिकला तर किडनीच्या बायोप्सीचा विषय निघतो. एएनए (निदानाच्या वेळची अँटीबॉडीची चाचणी) एकदा पॉझिटिव्ह आल्यावर दर वेळी करण्यात अर्थ नाही; तो पैसा लघवीच्या तपासणीवर खर्च करा.

लॅब शक्यतो एकच ठेवा. अँटी-डीएसडीएनए मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. लघवी सकाळची पहिली द्या, दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. उशीर झाला की त्यातल्या लाल पेशी फुटतात. पाळीच्या दिवसांत देऊ नका. ईएसआरची तपासणी रक्त काढल्यापासून चार तासांत व्हावी लागते. घरून सॅम्पल नेणारा माणूस कोथरूड ते हडपसर फिरत दुपारी लॅबला पोचणार असेल, तर स्वतः जाऊन द्या. हिमोग्लोबिन कमी असलं तरी ईएसआर वाढतो, हेही लक्षात ठेवा.

इंटरफेरॉन किंवा इंटरल्यूकिन मोजून रोजचे उपचार ठरत नाहीत. त्या महागड्या पॅनेलच्या मागे लागू नका. औषधांत मात्र ही प्रथिनं कामाला येतात: बेलिमुमॅब अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना जगवणाऱ्या बॅफ प्रथिनाला अडवतं, अ‍ॅनिफ्रोलुमॅब इंटरफेरॉनच्या रिसेप्टरला. पायाचं औषध अजूनही हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत. डोळे सुरुवातीला, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचे. उन्हाने इंटरफेरॉन चाळवतं, म्हणून स्कूटरवर स्कार्फ हवाच. पण कपाळ, नाक आणि हातांना सनस्क्रीनही लावा.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू-चिकुनगुनिया असतोच. प्लेटलेट्स डेंग्यूतही घसरतात, ल्युपसमध्येही. चिकुनगुनियात सांधे तसेच धरतात. ताप १००.४ च्या वर गेला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांतच उपयोगी. तापाला पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन नको. त्याने किडनीवर ताण येतो आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि स्टिरॉइड चालू असेल तर ताप आला म्हणून ते मनाने बंद करू नका. अचानक थांबवलं तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो.