जत्रेत आपल्या कुळाचा तंबू लावायचा असेल तर

दोन-चार जणांनी फोन करून विचारलं की तुम्ही जत्रेत तो कुळाचा तंबू लावता तो नेमका कसा लावता, आम्हाला पण लावायचाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो, कल्पना माझी नाही. मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा तो नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात ग्रँडफादर माउंटन हायलँड गेम्सला घेऊन गेला, स्कॉटिश वंशाच्या लोकांची जत्राच ती, १९५६ पासून दर जुलैत भरते. मला वाटलं कुस्त्यांसारखं काहीतरी असेल, तर तिथं खरंच लाकडाचे ओंडके फेकत होते, पण मैदानाच्या कडेनं बघतो तर तंबूच तंबू, प्रत्येकावर एकेका स्कॉटिश कुळाचं नाव. क्लॅन म्हणतात ते कुळाला, त्यांच्या गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ लेकरंबाळं.

तंबू काही भारी नव्हता, साधारण १० बाय १० फुटाचा मांडव, दोन टेबलं, टेबलावर त्या कुळाच्या चौकड्याचं कापड, मागं बॅनर, एक नकाशा, नाव लिहायला वही आणि बशीत शॉर्टब्रेड म्हणजे आपल्या नानकटाईची बहीण. घागरा घातलेला एक म्हातारा (त्यांना घागरा म्हटलेलं चालत नाही, किल्ट म्हणायचं) मला बघून उठून उभा राहिला आणि आडनाव विचारलं. मी म्हटलं पाटील. त्यानं इतक्या मनापासून यादीत बोट फिरवलं की मलाच लाज वाटली. नाही सापडलं तर म्हणे आईचं आडनाव सांगा, आजीचं सांगा. हे मी डोक्यात ठेवायला पाहिजे होतं, नाही ठेवलं, त्याचा फटका पुढं बसला, ते सांगतोच.

हे तंबू स्कॉटलंडमध्ये पण असतात, पण त्यांचा खरा जोर परदेशात, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. कारण सरळ आहे, ज्यांचं गाव सुटलं त्यांनाच गाव लागतं. १७४६ ला स्कॉटलंडच्या डोंगरातली बरीच कुळं कलोडनची लढाई हरली, त्यानंतर ब्रिटिश सरकारनं त्यांच्या पुरुषांना तो चौकड्याचा पोशाख घालायलाच बंदी केली, ती १७८२ ला उठली, आणि त्याच्या आगंमागं जमीनदारांनी मेंढ्या पाळायला कुळंच्या कुळं जमिनीवरून हाकलली. आपल्याकडे खान्देशात कुणी तसं हाकललं नाही, पण ७२ च्या दुष्काळात आणि नंतरही जी घरं भुसावळ-सुरत गाडीत बसून सुरतेजवळ उधन्याला गेली त्यांची नातवंडं आज विचारतात की पप्पा आपण नेमके कुठले. तंबू त्यांच्यासाठी लावायचा.

आता कधी लावायचा. माझं मत पक्कं आहे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासची जत्रा धरायची. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, घरोघर पितरांची घागर भरलेली असते, म्हणजे मेलेल्यांची नावं त्या दोन दिवसांत तोंडावरच असतात, नाहीतर इतर वेळी पणजोबाचं नाव विचारा, लोक वर बघायला लागतात. दुसरा मुहूर्त कानबाईचा, श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, तेव्हा सुरतवाले झाडून येतात, पण प्रत्येक जण आपापल्या भाऊबंदात रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, गडबडीत असतो आणि वरून पाऊस, त्यामुळं तंबूत कुणी बसत नाही. मोठ्या ठिकाणी लावायचा तर अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते, किंवा सारंगखेड्याला दत्तजयंतीची, पण तिथं घोडे बघायला आलेला माणूस तुमची वंशावळ बघत नाही. पहिल्या वर्षी आपल्याच गावची जत्रा बरी. यात्रा कमिटीला आणि ग्रामपंचायतीला एक साधा अर्ज द्यायचा, जागेची पावती घ्यायची आणि जागा मागताना पाळण्यापासून लांब, मंदिराकडं जायच्या वाटेवर मागायची. पाळण्याच्या गाण्यात म्हाताऱ्या माणसाचं काही ऐकू येत नाही.

मांडववाल्याला सांगून वर पांढरं कापड टाका. निळी ताडपत्री टाकली तर खाली भट्टी होते, आपल्याकडचं ऊन काय सांगायचं, ४२-४३ तर कुठंच गेलं नाही. दुपारी वावटळ येते ती बॅनर धरून अख्खा मांडव उचलते, म्हणून फ्लेक्सला मधेमधे अर्धगोल कट मारून घ्यायचे आणि खांबाच्या पायाला वाळूची पोती बांधायची. दोन रांजण पाणी. खुर्च्या सहापेक्षा जास्त नको, जास्त ठेवल्या की पत्ते सुरू होतात.

बॅनरवर काय लिहायचं हा सगळ्यात मोठा घोळ. खान्देशात नुसतं पाटील लिहून काही कळत नाही, अर्धं गाव पाटील असतं. कुणाचं मूळ बोरसे, कुणाचं देवरे, कुणाचं पवार, आणि शाळेत मास्तरनं लिहिलं पाटील, संपलं. स्कॉटिश लोकांकडे पण हे आहे, एका क्लॅनखाली वेगवेगळी पाच-पन्नास आडनावं येतात, त्याला ते सेप्ट म्हणतात आणि ती यादी तंबूत बाहेरच टांगलेली असते. आपण पण तेच करायचं. वर कुळाचं नाव, खाली कुलदैवत, एकवीरा असेल धनदाई असेल जे असेल ते, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात आपले भाऊबंद आज जी जी आडनावं लावतात ती सगळी आणि गावांची नावं. लोक कुळाचं नाव वाचून थांबत नाहीत, गावाचं नाव वाचून थांबतात. आणि बॅनरवर कुठल्याही नेत्याचा फोटो नको, एक लावला की दुसऱ्या पार्टीचे भाऊबंद समोरून जातात पण आत येत नाहीत.

देवकाची एक गंमत. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक कुळाची एक वनस्पती असते, तिची डहाळी टोपीत खोचतात, मॅकडोनाल्डांची हेदर, ग्रँटांचं पाइन. म्हटलं हे तर आपलं देवकच, कुणाचं कळंब, कुणाची वासनवेल, कुणाचं पंचपल्लव. आम्ही देवकाचं चित्र काढून टेबलावर ठेवलं. खरी डहाळी नाही तोडली, घरातल्या मोठ्यांनी सांगितलं की लग्नाशिवाय देवकाला हात लावायचा नाही. तुमच्याकडची रीत विचारून घ्या.

नकाशा मात्र पाहिजेच. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचा आणि बाजूला सुरतेपर्यंतचा, मोठा प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवायचा. टाचण्या वाऱ्यानं पडतात, मुलांच्या पायात जातात. आमच्या वहिनीनं युक्ती काढली, टिकल्यांची पाकिटं आणली, लाल टिकली मूळ गावाला, हिरवी टिकली आत्ता राहतो तिथं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर लाल टिकल्या पांझरेच्या काठानं साक्रीकडून धुळ्याकडं आणि पुढं तापीपर्यंत एका ओळीत, आणि हिरव्या सगळ्या उधन्यात एकावर एक, जागाच उरली नाही. तिथं जी गर्दी झाली ती जेवणावळीला पण झाली नव्हती.

जेवणावळीचं पण सांगून टाकतो. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी ठेवली. लोक आले, बट्ट्या कुस्करून तुपात भिजवून हाणल्या, हात धुतले, गेले. रात्री वही उघडली तर ११ नावं, त्यातली ४ आमच्या घरचीच. तेव्हापासून फक्त गुळाचा खडा, शेंगदाणे आणि पाणी. गुळाचा खडा तोंडात आहे तोवर माणूस उभा राहतो, तेवढ्यात त्याला गाव विचारायचं.

टेबलावर कागद कोणते ठेवायचे. भाटाच्या वहीतून उतरवलेली वंशावळ असेल तर ती, नाशिकला तीर्थपुरोहितांच्या वह्यांमध्ये आपल्या आजा-पणजानं केलेल्या नोंदी मिळतात त्यांचे फोटो, आणि तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढली असेल तर ती. जुनं बरंचसं मोडीत असतं, मोडी वाचणारा एक माणूस दोन तास आणून बसवला तर लोक घरचे कागद घेऊन येतात. सगळ्याच्या झेरॉक्स ठेवा, लॅमिनेट करून, मूळ कागद घरी कपाटात. सातबारा मात्र टेबलावर येऊ द्यायचा नाही. भाऊबंदकी या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दुसरा अर्थ तंबूत शिरायला बांधाचा एकच विषय पुरतो. वंशावळीच्या खाली आम्ही आता लिहूनच ठेवतो की हा कागद वारसाच्या कामाचा नाही. वहीत नाव, मूळ गाव, आत्ताचं गाव, मोबाइल नंबर, बस, आणि नंबर ज्याचा त्यानं आपल्या मर्जीनं लिहायचा.

तंबूत बसायला कोण पाहिजे, तर बोलणारा नको, ऐकणारा पाहिजे. एक पोरगं लिहायला, एक जुनं माणूस ओळख काढायला. आमचे काका बसतात, त्यांची सुरुवात ठरलेली, "कोनता गावना शेतस भाऊ तुम्ही?" अहिराणीत विचारलं की सुरतचा पोरगा पण लाजत का होईना अहिराणीत उत्तर देतो, मग पुढचं सोपं. बायोडाटा घेऊन पण लोक येतात, एका कुळात सोयरीक होत नाही हे माहीत असून, त्यांना गूळ द्यायचा आणि सोयऱ्यांचे नंबर द्यायचे.

आता तो फटका. दुसऱ्या वर्षी आम्ही १२ फुटाचा वंशावळीचा फ्लेक्स केला होता, नऊ पिढ्या, रंगीत, फांद्या काढून, मला फार अभिमान. दुपारी एक म्हातारी आली, पंचाहत्तरीच्या पुढची असेल, हातात नातवाच्या फुग्याची काडी, फुगा फुटलेला. फ्लेक्सपुढं उभी राहिली, बापाचं नाव सापडलं तिला, त्यावर बोट ठेवलं, मग बोट खाली आणलं, तिच्या तीन भावांची नावं, त्यांची पोरं, त्यांची पोरं. परत वर गेली. परत खाली. मग मला म्हणाली, "मन्हं नाव कोठे शे रे भाऊ?" मी म्हटलं आत्या, वंशावळीत लेकी लिहीत नाहीत. "बापना आंगनमा खेयनी मी, आन कागदवर मी नही?"

मला काही बोलता आलं नाही. काकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पोराला म्हटले लिही. तिनं बसल्या जागी २३ नावं सांगितली, सगळ्या लेकी, कोण कुठं दिली, कुणाला किती लेकरं, कोण बाळंतपणात गेली. भाटाच्या वहीत नव्हतं ते सगळं. तेव्हा मला तो किल्टवाला म्हातारा आठवला, आजीचं आडनाव सांगा म्हणणारा, तिकडं आईच्या, आजीच्या बाजूनं आलेला माणूस पण तंबूत आपला धरतात.

म्हणून आता छापील फ्लेक्स करूच नका. साधा पांढरा कागदाचा रोल भिंतीसारखा लावा, नावं मार्करनं लिहा, आणि प्रत्येक नावाखाली मोकळी जागा सोडा, हातभर सोडा, कंजुषी करू नका. लेकीचं नाव आईबापाखाली, पुढं सासरचं गाव. सुनेच्या नावापुढं तिचं माहेर. कुणी म्हणेल आपल्यात असं नसतं, त्याला गूळ द्या. मार्कर दोरीनं बांधून ठेवा नाहीतर पहिल्या तासात गायब होतो.

उठवायच्या आधी त्या रोलचे फोटो काढा, उन्हात नाही, सकाळी, नाहीतर चमक मारते. पंधरा दिवसांत वहीतल्या सगळ्यांना फोटो पाठवा, उशीर झाला की लोक विसरतात, आणि ग्रुप केला तर गुड मॉर्निंगवाल्यांना पहिल्याच दिवशी दम द्या. रोल गुंडाळताना आत वर्तमानपत्र घाला, वाळवी लागत नाही असं काका म्हणतात, खरं-खोटं माहीत नाही, आमच्या रोलला अजून लागली नाही. आत्या गेल्या आखाजीला परत आली होती, नातसुनेला घेऊन, नाव लिहायला.