डिस्क जोडीनंच घ्या: फोटो साठवण्याची आणि लावण्याची पद्धत

डिस्क भरली की दुप्पट मोठी आणायची, सगळं तिच्यात ओतायचं आणि जुनी पुसून दुसऱ्या कामाला लावायची, असं बहुतेक घरांत आणि स्टुडिओंत चालतं. यात जागा वाढते, पण फोटोंची प्रत एकच राहते. शिवाय दहा वर्षांचे फोटो एकाच खोक्यात आल्यानं ते खोकं पडलं तर नुकसानही दहा वर्षांचं. म्हणून ४ टीबीच्या एका डिस्कचं बजेट असेल तर २ टीबीच्या दोन घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या.

किती जागा लागते?

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण ३ ते ४ एमबीचा. घरात वर्षाला ५,००० फोटो निघाले तरी १५ ते २० जीबी होतात. डिस्क भरते ती व्हिडिओनं. ३० फ्रेमचा फोर-के व्हिडिओ एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात मिनिटाला ३०० ते ३५० एमबी खातो, म्हणजे तासाभराची वरात वर्षभराच्या फोटोंएवढी. लग्नाचं काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल (जेपेग न बनवलेली, कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) २५ ते ३० एमबीची असते. साखरपुडा, हळद, लग्न मिळून ३,००० रॉ झाल्या तर एका कॅमेऱ्याचेच ७५ ते ९० जीबी.

आज जेवढा डेटा आहे त्याच्या अडीचपट जागा घ्या आणि डिस्क ८५ टक्क्यांच्या वर भरू देऊ नका. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

फसवणूक असते ती स्वस्तातल्या '२ टीबी' पेनड्राइव्हमध्ये. आतली चिप ३२ किंवा ६४ जीबीची, फक्त आकडा मोठा सांगायला शिकवलेली. खरी जागा संपल्यावरही कॉपी सुरूच राहते, नावं दिसतात, फाइल मात्र उघडत नाही. नवं कार्ड किंवा पेनड्राइव्ह वापरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामनं पूर्ण भरून तपासा. ६४ जीबीला तासभर गेला तरी चालेल.

जुन्यातून नव्यात

फक्त विंडोजवर वापरणार असाल तर नवी डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, मॅकवरही लावायची असेल तर एक्सफॅटमध्ये. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि लांब व्हिडिओ तिथंच अडतो.

कट-पेस्ट कधीच करू नका. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली तर काही फाइल इकडे, काही तिकडे, आणि एखादी अर्धवट. कॉपी करा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच. ५०० जीबीला यूएसबी ३ वर सव्वा ते दीड तास लागतो, यूएसबी २ च्या पोर्टवर चारएक तास. तेव्हा केबल कुठल्या पोर्टला लावली ते आधी बघा. कॉपी सुरुवातीला पळते आणि पन्नास-साठ जीबीनंतर रांगायला लागते, तेव्हा डिस्क बिघडली असं समजून केबल ओढू नका. बऱ्याच लहान पोर्टेबल डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. सलग लिहिताना शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात, त्यात वेळ जातो.

कॉपी संपली की दोन्हीकडच्या मुख्य फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवा. एवढ्यावर थांबू नका, कारण संख्या जुळूनही एखादी फाइल आतून खराब असू शकते. फ्रीफाइलसिंक या फुकट प्रोग्राममध्ये तुलना 'मजकुरानुसार' ठेवून एकदा चालवा. ते रात्रभर चाललं तरी हरकत नाही. ते निर्मळ निघालं की मगच जुन्या डिस्कला हात लावा, आणि तेव्हाही ती पुसायची नाही. तिच्यावर तारीख लिहून ठेवून द्या.

फोल्डर आणि नावं

वर्षाचं फोल्डर, त्यात प्रसंगाचं फोल्डर, बस्स. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: '२०२४-०५-१२_पन्हाळा', '२०२४-१०-१२_दसरा-चौक'. या क्रमानं लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतात. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या वर्षांच्या १ तारखा एकत्र येतात. प्रत्यक्ष टाईप करताना अंक इंग्रजी वापरा. प्रसंगाचं नाव मराठी कीबोर्डवर युनिकोडमध्ये लिहायला हरकत नाही, फक्त काही जुन्या टीव्हींवर चौकोन दिसतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप केलेली नावं मात्र दुसऱ्या संगणकावर अगम्य होतात, ती आताच बदलून घ्या. नाव लांबवू नका, फोल्डरात फोल्डरही रचत जाऊ नका: विंडोजमधले बरेच प्रोग्राम पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे गेला की अडून बसतात.

कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. दोन वर्षांचे फोटो एकाच फोल्डरात टाकले आणि 'रिप्लेस' दाबलं, की जुना फोटो गेला. म्हणून कॉपी करतानाच फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला. डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर आयात करताना ते करून देतं. दोन कॅमेरे असतील तर कामाआधी दोन्हींची घड्याळं मोबाइलशी जुळवा, नाहीतर अल्बम लावताना वरमाला आधी आणि अक्षता नंतर येतात.

डिजिकॅममध्ये माणसांची, गावांची नावं टॅग म्हणून लावा. पण सेटिंगमध्ये टॅग फोटोच्या मेटाडेटात (फाइलीतच साठवलेल्या माहितीत) लिहिण्याचा पर्याय चालू करा. नाहीतर ते त्या संगणकाच्या डेटाबेसमध्येच राहतात आणि डिस्क दुसरीकडे लावली की गायब. लाइटरूम हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की त्याच्या कॅटलॉगच्या, म्हणजे नोंदवहीच्या, बॅकअपमध्ये फोटो नसतात.

निवड आठवड्याच्या आत करा, नंतर होत नाही. खोडायचं ते जागेसाठी नव्हे, सापडावं म्हणून. एका कुस्तीचे ४० फ्रेम असतील तर चार ठेवा. 'शुभ सकाळ'चे फोटो आणि स्क्रीनशॉट तर डिस्कपर्यंत येऊच देऊ नका.

मोबाइल, व्हॉट्सअ‍ॅप, गूगल

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो लहान केलेला असतो आणि काढल्याची तारीख त्यातून पुसलेली असते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती पाठवल्या-मिळाल्याची. पाहुण्यांकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा, म्हणजे मूळ फाइल तारखेसह येते. जुन्या प्रिंट स्कॅन केल्या असतील तर त्यांनाही काढल्याची तारीख हातानं द्या, नाहीतर आजोबांचं लग्न स्कॅन केल्याच्या वर्षात जाऊन बसतं. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरे.

गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्हसह. मुख्य गोष्ट म्हणजे ते सिंक आहे. अ‍ॅपमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की मोबाइलमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग संपला. मोबाइल रिकामा करायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, तो फक्त मोबाइलची प्रत काढतो. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं असेल तर फोटो दाबून साठवला जातो, त्यामुळे मूळ फाइल डिस्कवर घेतल्याशिवाय मोबाइलमधून काढू नका.

तिसरी प्रत कुठं ठेवायची

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम. कोल्हापुरात त्यातलं 'घराबाहेर' नीट वाचावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. घर शाहूपुरीत आणि दुसरी डिस्क व्हीनस कॉर्नरच्या दुकानात, ही घराबाहेरची प्रत नव्हे, दोन्हीकडे एकच पूर येतो. ती कळंब्याच्या किंवा आर. के. नगरच्या नातेवाइकांकडे द्या, नाहीतर पुण्याला मुलाकडे. तेही जमत नसेल तर निवडक फोटो तरी क्लाउडवर पूर्ण आकारात ठेवा.

पुराच्या पाण्यात गेलेली डिस्क चालू करून बघू नका. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो आणि फिरवताच तबकडी खरवडते. उन्हातही वाळवू नका, गाळ वाळला की चिकटतो. ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या.

एरवी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) यांत वर्षानुवर्षांचा एकमेव साठा नको. न वापरता पडून राहिले तर त्यातला विद्युत भार हळूहळू ओसरतो. २००५-१० च्या सुमाराच्या लग्नांच्या डीव्हीडी घरात असतील तर त्या या वर्षीच उतरवून घ्या. आतला रंगाचा थर विरतो, आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो.

ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालात उघड्यावर कार्ड बदलू नका. पूड कार्डाच्या संपर्कपट्ट्यांवर आणि कॅमेऱ्याच्या खाचेत बसते आणि 'कार्ड एरर' येतो. कोरड्या ब्रशनं झटका, तोंडानं फुंकू नका. कार्ड फॉरमॅट करायचं ते दोन प्रती झाल्यावर आणि कॅमेऱ्यातच. चुकून पुसलं गेलं तर त्यावर पुढचा एकही फोटो न काढता फोटोरेक हा पुसलेल्या फाइल शोधणारा प्रोग्राम चालवा, बरंच परत मिळतं.

तपासणी

खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा होतेच, त्याच दिवशी सगळ्या डिस्क बाहेर काढा. दुसरी फेरी पावसाच्या आधी मे महिन्यात. प्रत्येक डिस्क लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघा. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरच्या बिघडलेल्या किंवा संशयास्पद जागांची संख्या) शून्याच्या वर गेलं आणि आकडा वाढतोय असं दिसलं तर त्या डिस्कला दुरुस्त करत बसू नका. आधी दुसरी प्रत धड आहे का ते पाहा, मग नवी आणा. आवाज 'टक-टक' येत असेल तर लगेच बंद करा, आत फार महत्त्वाचं असेल तर रिकव्हरीवालाच गाठा.

जुनी हार्डडिस्क विकायची किंवा कुणाला द्यायची झाली तर 'क्विक फॉरमॅट' पुरत नाही, फोटो सहज परत काढता येतात. विंडोजमध्ये क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्यात सगळीकडे शून्य लिहिलं जातं. १ टीबीला दोन-तीन तास धरा. बंद पडलेली डिस्क भंगारात देण्याआधी उघडून आतल्या तबकड्या फोडा, गिऱ्हाइकांचे फोटो असतील तर नक्कीच.