फियाटच्या सस्पेन्शनचे मूळ नटबोल्ट कसे शोधावेत

आप्पांची पद्मिनी १९७८ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. घरात आम्ही तिला फियाटच म्हणतो. खड्ड्यात गेली की मागून डावीकडून ‘ठक्’ असा आवाज यायचा. शॉकअप बदलले, रबरं बदलली, तरी आवाज तसाच. शेवटी पाट्याचा, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगचा, पुढचा बोल्ट बाहेर काढला तेव्हा कारण सापडलं. पूर्वी कधीतरी एका गॅरेजवाल्यानं मूळ बोल्टच्या जागी डोक्यापर्यंत आटे असलेला बाजारी बोल्ट घातला होता. एका बाजूचे आटे चेपून गुळगुळीत झाले होते आणि ब्रॅकेटचं गोल भोक अंड्यासारखं लांबट. उजवीकडचा मूळ बोल्ट काढून शेजारी ठेवला. त्याला आटे फक्त टोकाला, नट बसतो तेवढेच. बाकी दांडी साफ. भार त्या साफ दांडीनं घ्यायचा असतो. आटे भोकाला टेकले की कानशीसारखे लोखंड खात जातात.

ब्रॅकेटवर वेल्डिंग करून भोक नव्यानं पाडावं लागलं. म्हणून आधी हेच सांगते: जुना बोल्ट कितीही गंजलेला असो, नवा मोजून जागेवर बसेपर्यंत फेकू नका.

आपल्या दमट हवेत बोल्ट बुशच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या रबरी वेष्टनाच्या, आतल्या नळीला गंजून घट्ट धरतो. गंज सोडवणारं तेल सलग तीन-चार रात्री मारा. पाना लावलात की आधी किंचित आवळा, मग सोडा. गंजाची पकड अशी सुटते. गॅसनं तापवायची घाई नको, रबर जळतं आणि बोल्टचं पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ पडतो. कापावाच लागला तर तुकडेही जपा. डोक्यावरची खूण आणि टोकाचे आटे त्यातूनच कळतात. प्रत्येक बोल्ट त्याच्या वॉशरसकट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि चिठ्ठी लिहा: ‘मागचा डावा, पाट्याचं पुढचं टोक, डोकं बाहेर’. पुढच्या आर्मच्या मागे पातळ पत्र्या निघाल्या तर कुठल्या बोल्टाला किती, तेही लिहा. चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो.

आता मोजमाप. व्हर्नियरनं जाडी, डोक्याखालची लांबी आणि साफ दांडीची लांबी घ्या, आणि पिच गेजनं, म्हणजे दातेरी पट्ट्यांच्या मापानं, दोन आट्यांमधलं अंतर मोजा. लोक जाडी मोजतात आणि इथेच थांबतात. माझ्या गाडीतल्या १० मिलिमीटरच्या बोल्टांचे आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे निघाले. हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘दहाचा बोल्ट’ मागितला तर १.५चा मिळतो. तो जुन्या नटात एक-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि आपण पान्यानं जोर लावून नटाचे आटे मारतो. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरायला हवा. कुणी तीन सुती बोल्ट दिला तर तोही परत करा. तो साडेनऊ मिलिमीटरचा असतो, दहाच्या भोकात ढिला.

शोधायला मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्टच्या गल्ल्या, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि नागदेवी स्ट्रीट, या क्रमानं फिरा. ऑपेरा हाऊसला जुना न वापरलेला माल कधीकधी निघतो. जुना बोल्ट काउंटरवर ठेवून बोला. ‘ताई, सेम आहे’ असं ऐकलंत तरी व्हर्नियर लावा. सीएसटी रोडला भंगारातल्या पद्मिनीचे बोल्ट मिळतात, पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, आता तो माल आटत चाललाय. मिळाला तर नट-वॉशरसह पूर्ण संच घ्या. बोल्ट काचेवर लोळवा, वाकडा असेल तर डुगडुगतो. दांडी तीन ठिकाणी मोजा. आट्यांच्या तळाशी गंजाचे खड्डे दिसले तर तिथेच सोडून या.

मूळ मिळालाच नाही तर नागदेवीला बारीक आट्यांचा, पुरेशा साफ दांडीचा नवा बोल्ट घ्या. त्याचा दर्जा मूळ बोल्टापेक्षा कमी नको. दर्जा डोक्यावर आकड्यांत असतो, जसं ८.८. त्यातला पहिला आकडा तुटेपर्यंतच्या ताकदीचा, म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. डोक्यावर दर्जाची आणि बनवणाऱ्याची खूण नसेल तर मी सस्पेन्शनला तो बोल्ट लावत नाही, फुकट दिला तरी.

जुने बोल्ट चकचकीत करायला प्लेटिंगला टाकायचा मोह होतो. कठीण पोलादात, विशेषतः १०.९ आणि त्यावरच्या बोल्टांत, आम्ल आणि प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट नंतर अचानक तुटू शकतो. मी तारेच्या ब्रशनं घासून तेल लावते, बस. यू बोल्ट (पाट्याला अॅक्सलशी बांधणारे), स्प्लिट पिन आणि आत नायलॉनची कडी असलेले नट मात्र मूळ असले तरी नवेच घालते. ताणलेल्या यू बोल्टवर भरवसा ठेवून आईला मागच्या सीटवर बसवायला माझं मन होत नाही.

बसवताना रबर बुशचे बोल्ट आधी नुसते हातानं लावा. शेवटचं आवळणं गाडी चारही चाकांवर उभी असताना करा. जॅकवर लोंबकळत असताना आवळलंत तर खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. शंभरेक किलोमीटर चालवून यू बोल्ट पुन्हा तपासा. आमचे दोन नट तेव्हा पाव फेरा आणखी फिरले.